भिशी आणि दामदुप्पट योजना

भरमसाट परताव्याच्या आमिषाने लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पश्चिम बंगालमधील शारदा समूहाचा डोलारा एप्रिल २०१३ मध्ये कोसळला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला सर्रास ‘चिट फंड घोटाळा’ म्हटले. वास्तविक चिट फंड म्हणजे आपल्याकडची भिशीच. तिच्यासाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि शारदासारख्या योजना त्यात बसतच नाहीत. हीच गल्लत फसणाऱ्याच्या मनातही असते.

भिशीत बारा जण दरमहा २,००० रुपये भरतात आणि जमलेले २४,००० रुपये पाळीपाळीने एकेकाला मिळतात. लिलावाची भिशी असेल तर नडलेला माणूस कमी रकमेवर बोली लावून ती आधी उचलतो आणि त्याने सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. मात्र ज्याला भिशी लागली तो त्या दिवसापासून देणेकरी होतो. उरलेले हप्ते त्याला चुकत नाहीत.

दामदुप्पट योजनेत पैसे मिळालेला माणूस कोणाचे काही देणे लागत नाही, उलट तोच योजनेचा चालताबोलता पुरावा ठरतो. समजा, दहा जणांनी प्रत्येकी ५०,००० रुपये सहा महिन्यांत दुप्पट होतील म्हणून दिले आणि धंदा मुळात नाहीच. त्यांचेच ५ लाख हाताशी धरले तरी १० लाख भागवायला नवे दहा जण हवेत, त्या दहांसाठी वीस, मग चाळीस. पाचव्या वर्षाअखेरच्या एका फेरीला ५,१२० नवे गिऱ्हाईक लागतात, तेही चालकाने एक रुपया खाल्ला नाही तर. (जुन्या हिंदू कायद्यातला ‘दामदुपट’ हा नियम व्याज मुद्दलाहून जास्त वसूल होऊ नये यासाठी होता, ऋणकोला वाचवणारा तो शब्द आता ठेवीदारासाठी गळाला लावतात.)

इतका साधा हिशेब शहाण्यांनाही का दिसत नाही? १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला, तो टपालाच्या उत्तर-कुपनांच्या (परदेशातून उत्तर यावे म्हणून पत्रासोबत पाठवायच्या, तिकिटांवर वटणाऱ्या कुपनांच्या) जोरावर. महायुद्धानंतर चलन घसरल्यामुळे इटलीत स्वस्त पडणारे कूपन अमेरिकेत जास्त किमतीच्या तिकिटांवर वटत असे. फट खरी होती, तिच्यातून चालणारा धंदा तेवढा नव्हता. अशी फट दाखवली की ऐकणारा स्वतःला गिऱ्हाईक न समजता गुपितातला भागीदार समजू लागतो, आणि ‘मग बँक एवढे व्याज का देत नाही?’ या शंकेवर ‘बँकेला सामान्यांचे भले कशाला हवे?’ हे उत्तर त्याचे तोच देतो. शिवाय गुपित म्हटल्यावर कोणा जाणकाराला विचारायची सोयही राहत नाही.

मुदत भरली की चालक पाकीट पुढे करून विचारतो, “नेताय, की परत लावायचे?” बहुतेक जण परत लावतात. भिशीत हा प्रश्न निघत नाही, कारण बारावी पाळी झाली की भिशी फुटते.