पश्चिम बारायचा वाद : पार्श्वभूमी

कंबोडियातल्या अंगकोर या ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतील जलाशयांना ख्मेर भाषेत बाराय म्हणतात. त्यांतला सर्वांत मोठा पश्चिम बाराय अकराव्या शतकातला. लांबी सुमारे ८ किलोमीटर, रुंदी २ किलोमीटरहून थोडी जास्त. तो खोदला असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात बहुतेक काम भरावाचे आहे. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी आत कोंडले. त्यापायी आधीची शेती-वस्ती गेली. आक युम हे जुने मंदिर तर दक्षिण बांधात अर्धे गाडले गेले. कौतुकाच्या लेखांत हे सहसा येत नाही.

एवढे पाणी साठवले कशासाठी, यावरचा वाद मात्र अजून मिटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने 'जलनगरी'ची मांडणी केली : बारायचे पाणी भाताला, भातावर लाखोंची राजधानी, आणि कालवे गाळाने भरले तशी राजधानीही खचली. आधाराला तेराव्या शतकाअखेर आलेल्या चिनी प्रवाशाची नोंद होतीच, की इथे वर्षाला तीन-चार पिके निघतात.

१९८० च्या सुमारास विरोधकांनी साधा प्रश्न टाकला : पाणी बाहेर सोडायची दारे कुठे आहेत? शिलालेखांत देवळे आहेत, दाने आहेत, नोकरचाकर आहेत. सिंचनाची मात्र वाच्यता नाही. त्यांच्या मते बाराय हा देवाचा समुद्र. मधल्या बेटावर पश्चिम मेबोन मंदिर, आणि १९३६ मध्ये तिथेच सापडलेली पहुडलेल्या विष्णूची भव्य ब्राँझमूर्ती. शेषशायी म्हटले की क्षीरसागर आलाच.

दारांचा मुद्दा जोरदार वाटतो, पण मला तो कधी पटला नाही. इथली जमीन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, तोन्ले साप सरोवराच्या दिशेने अगदी हलकी उतरते. बांधाआडचे पाणी खालच्या शेतांपेक्षा उंचावर असते. बांध फोडला की पाणी खाली, हंगाम सरला की पुन्हा माती. असल्या दाराचा मागमूस शतकांनंतर काय उरणार? पुढे पूर्व बारायच्या बांधात जांभ्या दगडाचे पाण्याचे दार ओळखले गेले आणि हवाई नकाशांत कालव्यांचे जाळे उमटले, तेव्हा नकारवाद्यांचा सूर बराच मवाळ झाला.

सिंचनवाद्यांचा एक दाखला मात्र चालणारा नाही. 'आजही पश्चिम बारायच्या पाण्यावर दक्षिणेला भात होतो' हे खरे, पण तिथले दार १९५७ मध्ये अमेरिकी मदतीने बसवलेले आहे. पावसाळी भाताला बारमाही कालवा लागत नाही. मध्येच पाऊस दडी मारतो तेव्हा पाण्याची एखादी पाळी मिळाली तरी पीक तरते. बारायचा उपयोग बहुधा इतकाच असावा, आणि तोही काही कमी नव्हे.

राजधानी का खचली, याच्या २०१० नंतरच्या चर्चेत हवामान पुढे आले. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वर्षवलयांवरून चौदाव्या-पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणे आणि अधूनमधून अतिवृष्टी झाल्याचे दिसते. कालव्यांचे जाळे जितके गुंतागुंतीचे, तितके ते अशा हेलकाव्यांत लवकर कोलमडणार.

पूर्व बाराय आज कोरडा आहे, त्यात शेती होते. शतकानुशतके सुकलेला उत्तर बाराय अलीकडे पुन्हा भरला. त्यामागे सिंचनापेक्षा भूजलाची चिंता अधिक : मंदिरांचे पाये वाळूवर आहेत, वाळू ओली राहिली तरच भार पेलते, आणि शेजारच्या सिएम रीप शहरातली हॉटेले जमिनीखालचे पाणी उपसत आहेत.