अंबाडीच्या वाखाला कॉस्टिकचं पाणी कशासाठी?

आमचे रोपांचे ट्रे आणि कुंड्या नेणारे नर्सरीवाले हमखास विचारतात, "माल नैसर्गिक म्हणता, मग केमिकल कशाला?" विचारायलाच हवं.

ट्रेमध्ये मुख्य जिनसा दोनच. मका किंवा उसाच्या साखरेपासून होणारं पीएलए नावाचं प्लास्टिक, आणि आपल्याकडे पोळ्याला वेसण-मोरकी ज्याची वळतात तो अंबाडीचा वाख. नुसतं पीएलए ठिसूळ असतं. वाखाने त्याला ताठपणा येतो, पण दोघांचं सहजी जमत नाही. वाखाला पाण्याची ओढ, पीएलएला पाण्याचं वावडं, आणि वाखाच्या अंगावर मेणाचा थर. तसाच मिसळला तर ट्रे वाकवताना धागा तुटत नाही, प्लास्टिकमधून सरकन निसटतो. मोडलेल्या कडेला लांब धागे लोंबत असतील तर समजा, पकड बसलीच नव्हती.

म्हणून कुजवून सोललेला वाख आम्ही शेकडा 5 च्या आसपास कॉस्टिक सोडा असलेल्या पाण्यात भिजवतो. मेण आणि तंतूंना धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज सुटतं, लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही थोडं जातं, पाणी कोऱ्या चहासारखं होतं. जाड धागा फुटून बारीक तंतू मोकळे होतात, अंग खरबरीत होतं, आणि वितळलेलं प्लास्टिक त्या खाचांत शिरून बसतं. कापसाच्या सुतावर कॉस्टिकची अशीच क्रिया करण्याचं पेटंट इंग्लंडच्या जॉन मर्सरने 1850 मध्ये घेतलं होतं. मात्र सुताला चालणारं तेज पाणी आम्ही वाखाला लावत नाही. त्याने वाखच खचतो.

मग पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि वर साधं पाणी. लिटमसचा रंग बदलायचा थांबेपर्यंत धुणं चालतं, त्यामुळे तुमच्या रोपापर्यंत कॉस्टिक पोचत नाही. वाळवण्यात घाई केलेली चालत नाही. ओल राहिली तर वाफेचे फुगे धरतात आणि पीएलएही कमजोर होतं. त्यातून पीएलए 170 अंशांच्या आसपास वितळतं आणि 200 च्या पुढे वाख करपू लागतो, म्हणजे यंत्रावर मोकळीक फार थोडी.

हा ट्रे उकिरड्यात टाकला की पावसाळ्याभरात माती होईल, असं कोणी सांगितलं तर मानू नका. पीएलए कुजायला 60 अंशांच्या आसपास टिकून राहणारी ऊब आणि ओल असलेलं कंपोस्ट लागतं. रोप लावताना ट्रे वाफ्यात पुरू नका.

60 अंशांजवळच ते मऊही पडतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत ट्रेची थप्पी ठेवू नका. उष्णतेने वाकलेला माल बदलून मिळणार नाही.