कमवा आणि शिका योजना

गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना श्रमाच्या मोबदल्यात निवास, भोजन अथवा शिक्षणखर्च मिळवून देणारी महाराष्ट्रातील शैक्षणिक व्यवस्था. कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७–९ मे १९५९) आणि त्यांची रयत शिक्षण संस्था यांच्याशी ती निगडित आहे. आज विद्यापीठे या नावाने चालवतात ती योजना आणि भाऊरावांच्या वसतिगृहांतील मूळ पद्धत यांत मात्र बरेच अंतर आहे.

गरीब विद्यार्थ्याने शहरात राहून शिकण्याचे जुने मार्ग म्हणजे माधुकरी (घरोघरचे शिजवलेले अन्न) मागणे आणि वार लावून (ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी) जेवणे. त्यांचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता राहिला. पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (आताचे पुणे विद्यार्थी गृह) माधुकरीच्या जोडीला पुढे मुद्रणालय उभारले. म्हणून श्रमाधारित शिक्षणाच्या इतिहासात त्याचाही उल्लेख करावा लागतो. ब्राह्मणेतर समाजांसाठी निर्णायक ठरली ती राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे. ती बहुतांशी जातवार होती. भाऊराव स्वतः विद्यार्थिदशेत तेथील जैन वसतिगृहात राहिले होते.

योजनेचा आरंभ नेमका कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. दुधगाव (सांगली जिल्हा) येथे १९१० च्या सुमारास निघालेल्या विद्यार्थी आश्रमापर्यंत काही अभ्यासक मागे जातात. या उपक्रमात भाऊरावांचा सहभाग असला, तरी तो त्यांच्या एकट्याचा नव्हता. दुसरे मत ४ ऑक्टोबर १९१९ ही तारीख मानते. त्या दिवशी कराडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या आरंभासाठी ही तारीख सर्वमान्य असली, तरी तेवढ्यावरून श्रम-शिक्षणाची पद्धतही त्याच दिवशी ठरली असे म्हणता येत नाही. तिसरे मत १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहाला महत्त्व देते. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले येथे एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे वाटून घेत. साताऱ्याचे हे वसतिगृह कोल्हापूरच्या नमुन्यापासून वेगळे पडते ते या ठिकाणी, आणि योजनेचे मूळही येथेच शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेव्हा हीच पद्धत शाळेला लागू झाली.

अमेरिकेतील टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत (स्थापना १८८१) बुकर टी. वॉशिंग्टन यांचे विद्यार्थी स्वतः विटा भाजून इमारती बांधत. त्या प्रयोगाशी साताऱ्याचे साम्य दाखवले जाते. साम्य खरे आहे. मात्र साताऱ्यातील पद्धत परक्या नमुन्यापेक्षा शेतकरी कुटुंबाच्या अडचणीतून घडली असे मानणे सोपे जाते. १९३७ च्या वर्धा योजनेपेक्षा, म्हणजे गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेपेक्षा, तर ती जुनी आहे. शिवाय वर्धा योजनेत हस्तोद्योग हे शिकवण्याचे माध्यम होते. साताऱ्यात श्रम शिक्षणाबाहेरचा राही, आणि तो शिक्षणाचा खर्च भागवी.

महाविद्यालयीन पातळीवर ही पद्धत आली ती जून १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात. तोपर्यंत त्या भागातील मुलांना पदवीसाठी पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे, आणि फीपेक्षा तेथील राहण्याजेवण्याचा खर्चच अनेकांना परवडत नसे. शिवाजी कॉलेजचे विद्यार्थी शेतात राबत, रस्ते तयार करीत, बांधकामावर हात लावीत. कामाची मजुरी बहुधा एकेकाच्या हाती पडत नसे. ती वसतिगृहाच्या खर्चात जमा होई. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजातही हीच परंपरा राहिली.

केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमावर हा गाडा चालणे शक्य नव्हते. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढून वसतिगृहाला देण्याचा मुष्टिफंड हा त्याचा दुसरा आधार होता. म्हणजे ज्यांची मुले शिकायची तीच कुटुंबे देणगीदारही होती. किर्लोस्कर नांगरांच्या विक्रीसाठी फिरताना भाऊरावांचा खेड्यांशी आलेला संबंध येथे उपयोगी पडला असावा. अडचणीच्या दिवसांत मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. त्यांनी मंगळसूत्रही मोडल्याची कथा याच संदर्भात सांगितली जाते. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी केलेल्या टीकेवरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा लोकवर्गणीचे महत्त्व आणखी वाढले. अनुदान पुढे पूर्ववत झाले.

यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत आली आणि अनेकांवरचा फीचा भार उतरला. राहण्याजेवण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहे याच गरजेतून वाढली. तेथेही अंगमेहनतीला स्थान आहे.

विद्यापीठांनी योजना स्वीकारली ती वेगळ्या रूपात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) तिची उभारणी पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या नावाशी जोडली जाते. वसतिगृह आणि काम यांची सांगड तेथे बऱ्याच अंशी टिकली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेला भाऊरावांचेच नाव आहे. तिच्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय व बाग येथील कामासाठी तासावर मानधन मिळते. श्रमाला सामुदायिक संस्कार मानणाऱ्या मूळ पद्धतीपेक्षा हे रूप अर्धवेळ नोकरीला अधिक जवळचे आहे. वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, विशेषतः रोज गावाहून ये-जा करणाऱ्या मुलींना, मात्र हेच रूप सोयीचे पडते.