डावी खुर्ची रिकामी झाल्यावर

रॉबिन्सन आर-२२ या हेलिकॉप्टरमध्ये दोनच माणसं मावतात. उजवीकडे शिकणारा, डावीकडे शिकवणारा. पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या दिवशी शिक्षक डावीकडचं दार उघडतो आणि खाली उतरतो. पण जाण्याआधी एक बारीकसं काम करतो: मोकळ्या झालेल्या खुर्चीचा पट्टा पुन्हा लावून, घट्ट ओढून ठेवतो.

रिकाम्या खुर्चीला पट्टा कशाला? कारण सुटा पट्टा नियंत्रणाच्या दांड्यात अडकू शकतो, किंवा दारातून बाहेर लोंबला तर उड्डाणभर पत्र्यावर आपटत राहतो. त्या आवाजानं घाबरलेला नवशिका काय करील याचा नेम नाही. टोपी, नकाशा, पाण्याची बाटली या गोष्टी त्याहून वाईट. दार नीट लागलं नसेल तर त्या उडून मागे जातात, आणि मागे असतो शेपटीचा छोटा पंखा. तो मोडला की हेलिकॉप्टर स्वतःभोवतीच गरगरू लागतं. म्हणून शिक्षक दाराचा खटका बसल्याची खात्री करतो आणि शेपटीकडे न जाता, विद्यार्थ्याला दिसत राहील अशा बेतानं, वाकून दूर होतो.

सायकल शिकताना मागून धरणारा हात सुटला, तरी सायकल तीच राहते. इथे हात सुटल्याबरोबर यंत्रच बदलतं.

आर-२२ चं जास्तीत जास्त वजन ६२२ किलो. त्यातून ८० किलोचा माणूस उतरला की जवळपास आठवा हिस्सा गेला. विद्यार्थ्याच्या डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा लिव्हर असतो. तो वर ओढला की मुख्य पंख्याची सगळी पाती एकसारखी जास्त तिरकी होतात आणि यंत्र उचललं जातं. इतके दिवस हा लिव्हर कुठवर ओढला की जमीन सुटते, हे त्याच्या हाताला पाठ झालेलं असतं. आज जमीन त्याआधीच सुटते. शिवाय दोन्ही खुर्च्या पंख्याच्या खांबाच्या पुढे असल्यामुळे एक माणूस कमी झाला की तोल मागे सरकतो आणि नाक वर उचललं जातं. वजन एकट्या उजव्या बाजूला उरल्यानं, चाकांऐवजी खाली ज्या दोन लांब पट्ट्या असतात त्यांतली कुठली आधी जमीन सोडणार, हेही बदलतं. चांगला शिक्षक हे सगळं आधी तोंडी सांगतो, तरी पहिल्या दोन-चार सेकंदांत विद्यार्थी दचकतोच.

हे दचकणं मी उगाच ताणत नाहीये. हेलिकॉप्टरच्या शिक्षणातले बरेचसे नियम एका सेकंदाभोवती फिरतात.

आर-२२ चा मुख्य पंखा मिनिटाला पाचशेच्या थोडा वर फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ. पाती हलकी आहेत. हलकी म्हणून यंत्र स्वस्त आणि चपळ, पण हलकी म्हणूनच त्यांच्यात साठवलेली ऊर्जा कमी. इंजिन बंद पडलं की जड पंखा काही वेळ आपल्या तंद्रीत फिरत राहील. हा लगेच मंदावतो. फेरे मापकावर ९७ टक्क्यांपर्यंत आले की भोंगा वाजतो आणि दिवा लागतो. उत्पादकाच्या सुरक्षा-सूचनेनुसार समुद्रसपाटीजवळ ८० टक्क्यांच्या खाली (ही सीमा दर हजार फूट उंचीमागे एका टक्क्यानं वर सरकते) पंखा कायमचा हातचा जातो. भोंगा आणि ही सीमा यांच्यातलं अंतर मोजायला घड्याळाचा सेकंदकाटा पुरेसा नाही. वैमानिकाच्या हाताला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो.

त्या वेळात करायचं काम अगदी सोपं आहे: कलेक्टिव्ह खाली. पाती सपाट झाली की खालून येणारी हवाच त्यांना फिरवू लागते. जत्रेतलं कागदी भिरभिरं वाऱ्यासमोर धरल्यावर फिरतं, तसंच. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी हळदवेलीचं, म्हणजे माधवीलतेचं, तीन पंखांचं फळ गरगरत खाली येताना पाहिलं असेल. तिथेही हेच तत्त्व. याला ऑटोरोटेशन म्हणतात. उंची हेच इंधन: खाली येता येता ती खर्च करून पंखा फिरता ठेवायचा, जमिनीजवळ नाक वर करून वेग मारायचा आणि शेवटी कलेक्टिव्ह एकदाच ओढून पंख्यातली शिल्लक वापरत अलगद टेकायचं. इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा समज चुकीचा आहे. ते दगडासारखं पडतं, पण सेकंदभर उशीर झाला तर.

अडचण अशी की माणसाची उपजत बुद्धी नेमकं उलट सांगते. खाली चाललोय म्हटल्यावर हात लिव्हर वर ओढतो. पाती आणखी तिरकी होतात, हवेचा अडथळा वाढतो, फेरे आणखी घटतात. फेरे कमी झाल्यावर तेवढंच वजन पेलायला पात्यांना हवेशी अजून मोठा कोन करावा लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे त्यांच्यावरून वाहणारी हवा फाटून सुटते. मग उचल जवळजवळ संपते, यंत्र खाली सुटतं आणि खालून येणारा झोत तो कोन आणखी वाढवतो. इथून परत येण्याची वाट नाही. त्यामुळे योग्य हालचाल डोक्यात असून भागत नाही, ती हातात उतरावी लागते. आणि शिक्षक शेजारी असेपर्यंत ती उतरली आहे की नाही, हे खऱ्या अर्थानं कळत नाही. त्याचा हात कलेक्टिव्हजवळ घुटमळत असतोच.

अमेरिकेतल्या सर्वसाधारण नियमांत एकट्यानं उडण्याआधी अमुक इतके तास हवेत, असं लिहिलेलंच नाही. वय सोळा पूर्ण हवं, शिक्षकानं घेतलेली लेखी परीक्षा पास हवी, ठरावीक कसरती येत असल्याची शिक्षकाची सही उड्डाणांच्या वहीत हवी. तास किती, हे शिक्षकानं ठरवायचं. आर-२२ ला मात्र अपवाद आहे: त्याच यंत्रावर शिक्षकासोबत किमान २० तास. हा अपवाद कागदावर आला तो अपघातांतून.

फ्रँक रॉबिन्सन यांचं हे यंत्र १९७५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९७९ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्वतः चालवत इकडेतिकडे जाणाऱ्या माणसाचं वाहन होतं. पण इतकं स्वस्त हेलिकॉप्टर दुसरं नव्हतं, म्हणून प्रशिक्षण शाळांनी ते उचललं आणि सगळ्यांत चपळ यंत्र सगळ्यांत अननुभवी हातांत गेलं. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडजवळ एक शिक्षक आणि विद्यार्थी आर-२२ मधून नेहमीचा धडा गिरवत होते. धड्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. मुख्य पंख्याचं पातं हेलिकॉप्टरच्याच अंगावर आदळलं आणि यंत्र हवेतच मोडलं. अशा अपघातात बहुतेक वेळा सांगायला कोणी उरत नाही; इथे निदान तो आवाज उरला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं या प्रकारच्या अपघातांचा एकत्र अभ्यास करून १९९६ मध्ये अहवाल दिला. सर्व अपघातांना लागू पडेल असं एकच कारण हाती लागलं नाही, पण मोठ्या, झटकेदार हालचालींनी पंखा ताब्याबाहेर जाऊ शकतो, याकडे बोट दाखवलं गेलं. त्याआधीच, १९९५ मध्ये, विमान वाहतूक प्रशासनानं विशेष नियम क्रमांक ७३ लागू केला होता. त्यात २० तासांसोबत चार गोष्टी शिकवल्याची सही मागितली गेली: ऑटोरोटेशनचा जादा सराव, फेरे आपोआप सांभाळणारा गव्हर्नर बंद करून हातानं फेरे राखणं, फेरे घटताहेत हे ओळखून सावरणं, आणि चौथं, वजन हलकं होण्याचा धोका.

हे चौथं प्रकरण विलक्षण आहे. आर-२२ च्या पंख्याला दोनच पाती, आणि ती खांबावर बागेतल्या सी-सॉसारखी टेकवलेली: एक वर तर दुसरं खाली. हेलिकॉप्टरचं धड या पंख्याला खाली लोंबकळत असतं. वैमानिक सायक्लिकचा, म्हणजे यंत्राला दिशा देणारा, दांडा डावीकडे करतो तेव्हा पंख्याची चकती डावीकडे कलते, तिची ओढ कलते, आणि लोंबकळणारं धड मुकाट मागोमाग येतं. ओढ आहे तोवरच हा आज्ञाधारकपणा. चढावर असताना दांडा झटकन पुढे ढकलला, की रस्त्यावरच्या उंचवट्यावरून गाडी भरधाव गेल्यावर पोटात जसा गोळा येतो तसं होतं. तेवढ्या क्षणापुरतं पंख्यावर वजनच नसतं. ओढ नाही, म्हणजे दांड्याचा धडावर ताबा नाही. शेपटीचा पंखा मात्र बाजूला ढकलत असतोच, आणि तो तोलाच्या बिंदूपेक्षा उंचावर असल्यामुळे धड उजवीकडे कलंडू लागतं.

उजवीकडे कलंडतोय म्हटल्यावर कोणीही दांडा डावीकडे मारील. चकती डावीकडे जाते, धड उजवीकडेच, आणि दोघांमधला कोन वाढत जाऊन पंख्याचा मध्यभाग फिरत्या खांबावर आदळतो. खांब तुटतो. उपाय असा: दांडा आधी हळुवार मागे घ्या, पंख्यावर वजन येऊ द्या, मगच डावीकडे. आडव्या पंखांच्या विमानावरून इकडे आलेल्या अनुभवी वैमानिकांना हे जास्त जड जातं. विमानात धोक्याचा भोंगा वाजला की दांडा पुढे ढकलायचा, हे त्यांच्या हाडीमांशी खिळलेलं असतं. कंपनीनं त्यांच्यासाठी वेगळी सूचना काढली आहे. अनुभवच आडवा येतो, अशी उदाहरणं तंत्रज्ञानात फार नसावीत.

आणि हा धडा हवेत शिकवता येत नाही. असं दांडा पुढे ढकलणं आर-२२ मध्ये निषिद्धच आहे. फळ्यावर, हातवाऱ्यांनी, जमिनीवर बसून शिकवायचं आणि हवेत ती वेळ येऊच द्यायची नाही. वाऱ्याचे नियमही त्यासाठीच. हेलिकॉप्टरवर २०० तास, त्यातले ५० आर-२२ वर, आणि सोबत हे धोक्याचं प्रशिक्षण, एवढं पूर्ण होईपर्यंत जमिनीलगतचा वारा झोतांसह २५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या वर असला तर उडायचं नाही. झोतांमधला फरक १५ नॉटपेक्षा जास्त असला तरी नाही. सरळ वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा खवळलेला वारा वाईट, कारण वजन हलकं करायला वैमानिकाच्या चुकीचीही गरज नसते. हवेचा एक खालचा धक्का पुरतो. न्यूझीलंडच्या डोंगराळ, वादळी हवेत हे वारंवार घडलं. तिथल्या वाहतूक अपघात तपास आयोगानं २०१६ मध्ये हा विषय आपल्या विशेष लक्ष ठेवण्याच्या यादीत घातला.

आता वेगळ्या घडणीच्या पंख्यासाठी नाशिक. नाशिकरोडजवळच्या लष्कराच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये २००३ पासून हेलिकॉप्टरचे वैमानिक घडतात, आणि चेतक-चीता या हेलिकॉप्टरांचा आवाज त्या भागाला नवा नाही. या यंत्रांचा पंखा तीन पात्यांचा, प्रत्येक पात्याला स्वतंत्र बिजागऱ्या. त्यामुळे वर सांगितलेलं खांबावर आदळण्याचं दुखणं तिथे तशा रूपात नाही. पण बिजागऱ्यांनी आपलं दुखणं आणलं: जमिनीवर एखादा धक्का बसून पाती आपसातलं समान अंतर सोडून एका बाजूला गोळा झाली, तर पंखा धडाला हलवतो, धड पंख्याला हलवतं, आणि आवरलं नाही तर यंत्र जागच्या जागी स्वतःला मोडून टाकतं. दोन पात्यांच्या सी-सॉ पंख्याला ही भीती नाही. शिवाय चेतकचा पंखा फिरतो आर-२२ च्या उलट दिशेनं, म्हणजे उचलताना नाक सरळ ठेवायला दाबायचं पेडलही उलट्या पायाचं. एका यंत्रावर एकट्यानं उडण्याची परवानगी दुसऱ्यावर का चालत नाही, याचं उत्तर यात आहे. अमेरिकेत ही सही यंत्राच्या नाव-मॉडेलसकट द्यावी लागते.

दृष्टीचा नियम त्यामानानं सरळ: शिकाऊ वैमानिकाला दिवसा किमान ३ मैल दिसायला हवं, रात्री ५, आणि जमीन सतत नजरेत हवी. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना विमानात बाहेरचं दिसेनासं केलं, तर सरासरी १७८ सेकंदांत विमान धोक्याच्या अवस्थेत गेलं. विमान निदान आपलं आपण सरळ राहू पाहतं. छोटं हेलिकॉप्टर तेवढंही करत नाही. प्रवासी न्यायचा नाही, पैसे घेऊन उडायचं नाही, शिक्षकानं वहीत घातलेल्या मर्यादा ओलांडायच्या नाहीत, हे बाकीचे नियम वाचून समजण्यासारखे आहेत.

पहिल्या दिवशी नवशिक्याला जास्त भीती असते ती मात्र दोन फुटांवर. पट्टी गवतात, चिखलात किंवा डांबराच्या भेगेत अडकली आणि त्यानं बाजूला सरकण्याचा प्रयत्न केला, तर हेलिकॉप्टर त्या पट्टीभोवती उलटू लागतं. गती आली की ५ ते ८ अंशांचा कलही पुरतो. तिथेही हात दांड्याकडे धावतो, आणि तिथेही उत्तर डाव्या हातात असतं: कलेक्टिव्ह सावकाश, ठामपणे खाली.

एवढं सगळं होऊन पहिलं एकट्याचं उड्डाण बहुधा जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. थोडं जागेवर तरंगणं, मैदानाभोवती फेऱ्या, प्रत्येक वेळी परत येऊन टेकणं. शिक्षक कडेला हातातला रेडिओ घेऊन उभा असतो आणि शक्यतो काही बोलत नाही. वहीतली त्याची सही ९० दिवस चालते. त्यानंतर विद्यार्थ्याला कितीही सफाई आली असली तरी ती सही संपलेली असते, आणि नवी मिळेपर्यंत डावीकडचा तो पट्टा पुन्हा शिक्षकाच्याच कमरेला.