मॉडेल रेल्वेचा चढ: मोटर वीक नसते, पकड कमी पडते

मॉडेल रेल्वेत नवीन आलेल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो एवढीशी गाडी, वजन ते काय तिचं, कुठेही चढेल." मग घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेमधल्या १० बाय १२ च्या खोलीत टेबल लागतं, एक ट्रॅक दुसऱ्यावरून पलीकडे न्यायचा असतो आणि मीटरभर लांबीत ८ सेंटीमीटर उंची गाठली जाते. म्हणजे ८ टक्के चढ. इंजिन एकटं छान चढतं, पण डबे लावले की जागच्या जागी चाकं फिरवत उभं. लगेच निदान होतं की मोटर वीक आहे. पण चाकं गरागरा फिरतायत याचाच अर्थ मोटरमध्ये भरपूर जोर आहे, रुळावरची पकड तेवढी सुटलीय.

आधी टक्का म्हणजे काय ते बघू. १०० सेंटीमीटर पुढे गेल्यावर जेवढे सेंटीमीटर वर, तेवढे टक्के. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटात, म्हणजे आपल्या कर्जत-लोणावळा चढावर, ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, साधारण २.७ टक्के. कसाऱ्याचा घाटही तसाच. नेरळ-माथेरानची छोटी गाडी २० मीटरला १ मीटर चढते, ५ टक्के, पण तिचे डबे किती हलके आणि मोजके असतात ते आठवा. मॉडेल ८७ पट लहान केलं म्हणून हा टक्का लहान होत नाही, कारण तो नुसतं गुणोत्तर आहे. भोर घाटाचा २.७ टक्के टेबलावरही २.७ टक्केच, आणि इंजिनाला तो तितकाच जड जातो.

का ते आता नीट बघा, हाच भाग मला सगळ्यात आवडतो. धातूच्या चाकाची धातूच्या रुळावरची पकड मॉडेलमध्ये इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा धरा. एचओ स्केलचं, म्हणजे ८७ पट लहान केलेलं इंजिन ४०० ग्रॅमचं असेल आणि त्याची सगळी चाकं मोटरवर असतील तर ते जास्तीत जास्त ८० ग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढू शकतं, त्याच्या पुढे घसरणारच, मोटर कितीही मोठी बसवा. डबा १२० ग्रॅमचा धरू. सपाटीवर डब्याला फक्त चाकांचं घर्षण, ते वजनाच्या २ टक्के धरलं तर डब्यामागे २.४ ग्रॅम, म्हणजे ३३ डबे निघतील. आता २ टक्के चढ द्या. घर्षणाचे २ आणि चढाचे २ मिळून प्रत्येक डब्याची ओढ दुप्पट, शिवाय इंजिनाला स्वतःचं वजनही वर न्यायचंय, त्यात ८ ग्रॅम गेले, उरलेल्या ७२ मध्ये १५ डबे. ३ टक्क्यांना ११, ४ टक्क्यांना ८, आणि ८ टक्क्यांना जेमतेम ४, तेही अगदी काठावर. या सगळ्या हिशोबात पकड आणि ओढ दोन्ही वजनाच्याच पटीत येतात, इंजिन आणि डबे दोन्ही दहापट जड करा, डब्यांचा आकडा तोच राहील. "हलकी आहे म्हणून चढेल" हे म्हणूनच चुकतं. नुसतं इंजिन जड करा, शिशाचे तुकडे बसवा, मग फरक पडतो. पण इतकंही जड करू नका की चाक घसरण्याआधी मोटरच अडकेल, मग ती तापून जळते.

हेच तत्त्व खऱ्या रुळावर कर्जतला दिसतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना तिथे मागून ढकलणारी जादा, म्हणजे बँकर इंजिनं लागतात, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तिच्या निम्म्या डब्यांना मोटर आहेत, त्यामुळे त्या डब्यांचं आणि आत बसलेल्या माणसांचं वजनसुद्धा पकडीच्या कामी येतं.

मग कर्व्ह. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की जोडलेली, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, मग कुणीतरी एक घासत जातं. भारतीय ब्रॉडगेजचा सर्वात तीव्र कर्व्ह १७५ मीटर रेडियसचा, तो ८७ ने भागला तरी २ मीटर येतो. आपण घरी वापरतो ४५ सेंटीमीटर. एवढ्या कर्व्हची ओढ साधारण दीड-दोन टक्के जादा चढाइतकी असते, म्हणजे कागदावर २ टक्के लिहिलेला चढ कर्व्हवर इंजिनाला साडेतीन-चारचा वाटतो. वर हलके डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन उलटतात ते वेगळंच. म्हणून सरळ भागात २ टक्के ठेवत असाल तर कर्व्हवर एकपर्यंत खाली या.

जागेचं काय? वरचा ट्रॅक खालच्यावरून न्यायला एचओमध्ये साधारण ८ सेंटीमीटर उंची लागते, २ टक्क्यांनी त्याला ४ मीटर लांबी हवी. खोलीच तेवढी नाही. पण वरचा ट्रॅक ४ सेंटीमीटर चढवा आणि खालचा ४ सेंटीमीटर उतरवा, प्रत्येकाला २ मीटर पुरतात. चढ सुरू होताना एकदम मोड देऊ नका, एका डब्याच्या लांबीत अर्धा टक्का असा वाढवत न्या, नाहीतर डबे जोडणारे कपलर सुटतात. प्लायवूडची लांब पट्टी एका बाजूने हळू उचलली की हा बाक आपोआप येतो.

आणि डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलचे व्हिडिओ दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात, न्यूट्रलमधली गाडी आपोआप चढ चढते म्हणे, चुंबकीय शक्ती आहे म्हणे. तिथे कसलीही शक्ती नाही, आजूबाजूच्या उतारांमुळे क्षितिज नीट कळत नाही आणि उतार चढासारखा दिसतो. टेबलावर मागे डोंगर उभा केला की अगदी हाच भ्रम होतो. मोबाईलचं ॲप पूर्ण अंशातच दाखवत असेल तर तेही उपयोगाचं नाही, २ टक्के म्हणजे फक्त १.१५ अंश. त्यापेक्षा मीटरभराची स्पिरिट लेव्हल घ्या, उताराकडच्या टोकाखाली २० मिलिमीटरचा ठोकळा ठेवा, बुडबुडा मध्ये आला की तुमचा चढ बरोबर २ टक्के. ठाण्या-ऐरोलीच्या दमट हवेत प्लायवूड फुगतं आणि वाकतं, त्यामुळे पाऊस ओसरला की गणपतीनंतर एकदा सगळ्या चढावर हाच ठोकळा पुन्हा लावून बघा, कुठेतरी २ चे ३ झालेले सापडतात.