आमदाराचा आठवडा आणि खासदाराचा आठवडा: सोलापूरकराने निवेदन कुणाकडे न्यावे?

सोलापुरात एखादे काम अडले की ‘आमदारांकडून होत नसेल तर खासदारांना भेटू’ असे सहज बोलले जाते. तहसीलदाराच्या वर जिल्हाधिकारी असतो तसा आमदाराच्या वर खासदार असतो, अशी समजूत या बोलण्यामागे असते. आमच्या भागातील लोकांना निवेदने लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. एकच मजकूर दोन नावांनी लिहून मागणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि दोन्हीकडे पत्र देऊनही सहा-सहा महिने हाती काही न लागल्याने ते खचून जातात. पुष्कळदा अडचण कुणाच्या अनास्थेची नसते. पत्र चुकीच्या राजधानीला गेलेले असते.

आमदार आणि खासदार यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असे नाते नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी केलेली आहे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, विमानतळ, टपाल हे विषय संघसूचीत येतात, तर पाणी, शेती, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन महसूल आणि महापालिका-ग्रामपंचायती हे राज्यसूचीत. खासदार आमदाराला आदेश देऊ शकत नाही आणि आमदाराने नाकारलेले काम खासदाराकडे अपिलात जात नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्यांना दिल्लीतील कुणाहून धाकटे मानण्याचा विचारही जिल्ह्यात कुणाच्या मनात आला नसेल. उलट बाजूचे उदाहरणही याच शहरात आहे. प्रणिती शिंदे २००९ पासून सलग तीन वेळा सोलापूर शहर मध्यच्या आमदार होत्या आणि २०२४ साली सोलापूरच्या खासदार झाल्या. ही त्यांची बढती होती असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्यांच्या कामाचे विषय बदलले, राजधानी बदलली आणि आठवड्याची घडीही बदलली.

ही घडी नीट समजली की निवेदन कुणाला आणि केव्हा द्यायचे, हेही समजते.

आमदाराची राजधानी सोलापूरपासून एका रात्रीच्या अंतरावर आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई गाठता येते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारतही सुरू झाली आहे, पण मंत्रालयात काम असणाऱ्या सोलापूरकराच्या तोंडी अजून सिद्धेश्वरचेच नाव पहिले येते. हे अंतर कमी असल्याने आमदाराचा आठवडा मधोमध दुभंगलेला असतो. राज्य सरकारची कार्यालये २०२० पासून आठवड्याचे पाच दिवस चालतात, म्हणजे मंत्रालयातील कामे सोमवार ते शुक्रवार या दिवसांतच उरकावी लागतात. त्यातही मंत्रिमंडळाची बैठक ज्या दिवशी असते त्या दिवशी बहुतेक मंत्री मुंबईत सापडतात, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील आमदार तोच दिवस साधून येतात. विधिमंडळाचे अधिवेशन असो वा नसो, ही ये-जा थांबत नाही. रस्त्याच्या कामाची प्रशासकीय मान्यता, ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदे, एखाद्या शिक्षकाची बदली, उपसा सिंचन योजनेची फाईल कोणत्या टेबलावर थांबली आहे याचा शोध, ही सगळी कामे पाठपुराव्याची आहेत, आणि पाठपुरावा म्हणजे त्या खात्यात स्वतः जाऊन उभे राहणे.

अधिवेशनाच्या काळात या आठवड्याला वेगळे वळण लागते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन साधारणतः मुंबईत भरते, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातील बांधिलकीमुळे नागपूरला होते. सभागृहात तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न विचारता येतो, औचित्याचा मुद्दा मांडता येतो, पण आमदारांना सर्वांत जवळचे वाटणारे आयुध म्हणजे लक्षवेधी सूचना. लक्षवेधी चर्चेला लागली की संबंधित मंत्र्याला सभागृहात निवेदन करावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्या उत्तरात मंत्र्याने ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’ असे म्हटले तर ते आश्वासन नोंदले जाते, आणि ते पाळले गेले की नाही हे आश्वासन समिती पाहते. सोलापूरच्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे की त्याच्या गावचा प्रश्न लक्षवेधीत आला, तर अधिकाऱ्यांना आधी जिल्ह्यातून माहिती मागवावी लागते, आणि मंत्री सभागृहात उभा राहण्यापूर्वीच अर्धी फाईल हललेली असते.

शुक्रवारी आमदार परतीच्या वाटेला लागतो. शनिवार-रविवार मतदारसंघात जातो: सकाळी घरी किंवा कार्यालयात लोकांची गर्दी, मग भूमिपूजन, लग्न, दशक्रिया, एखाद्या गावात जळालेल्या डीपीची तक्रार, टँकर न आल्याची तक्रार. विधानसभेच्या मतदारसंघात साधारण तीन ते साडेतीन लाख मतदार असतात, त्यामुळे एवढे प्रसंग गाठणे अवघड असले तरी अशक्य नसते. शहरातील आमदारांवर २०२२ नंतर आणखी एक भार आला. त्या वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात गटार, पथदिवे, चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी या सगळ्यांसाठी लोक थेट आमदाराच्या दारात जाऊ लागले. पाणी जलवाहिनीतून घरापर्यंत आणणे हे महापालिकेचे काम आहे, हे लोकांना ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. हाक मारायला दुसरे कुणी उरले नव्हते, हे खरे कारण होते.

खासदाराचे तसे नाही. सोलापूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस सुमारे एक दिवस आणि एक रात्र घेते; विमानाने जायचे तर बहुधा पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. म्हणून त्याचे वर्ष आठवड्यापेक्षा हंगामांत विभागलेले असते. जानेवारीअखेर सुरू होऊन मधल्या सुटीसह एप्रिलपर्यंत जाणारे अर्थसंकल्पी अधिवेशन, जुलै-ऑगस्टच्या सुमाराचे पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराचे हिवाळी अशी तीन अधिवेशने असतात. या काळात सोमवार ते शुक्रवार तो दिल्लीत असतो. अधिवेशन नसताना तो बहुतेक वेळ जिल्ह्यात असतो, तरी दिल्ली पूर्ण सुटत नाही, कारण संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्यांपैकी एखाद्या समितीवर तो सदस्य असतो आणि त्या समित्यांच्या बैठका अधिवेशन नसतानाही होतात. रेल्वेच्या स्थायी समितीवरचा सदस्य अर्थसंकल्पातील रेल्वेच्या अनुदानाच्या मागण्या बारकाईने तपासू शकतो. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय असल्याने आपल्या दृष्टीने हे लहान काम नाही, आणि ते वर्तमानपत्रात क्वचितच येते याचे मला वाईट वाटते.

अधिवेशनातील दिवस लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. तोंडी उत्तरासाठी रोज २० तारांकित प्रश्न निवडले जातात, तेही सोडतीने. एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न येऊ शकतो, आणि ५४३ सदस्यांच्या सभागृहात तो लागणे हा योगाचा भाग असतो. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. प्रत्येक मंत्रालयाच्या उत्तराचा वार ठरलेला असतो, म्हणजे रेल्वेचा प्रश्न आणि महामार्गाचा प्रश्न एकाच दिवशी विचारता येतीलच असे नाही. बारा वाजल्यानंतरच्या शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो, पण मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते. लोकसभेच्या नियम ३७७ खाली एका सदस्याला एका आठवड्यात एकच विषय मांडता येतो आणि त्याचे उत्तर नंतर पत्राने येते. शुक्रवारची दुपार खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, कामकाजासाठी राखलेली असते; ज्याला मतदारसंघात परतायची घाई असते त्याला ती सोडावी लागते. मुंबईत मंत्र्याच्या दालनाबाहेर उभे राहून जे काम एका दुपारी होते, ते दिल्लीत पत्र, प्रश्न आणि पुन्हा पत्र अशा मार्गाने महिन्यांनी होते. त्यात खासदाराचा आळस शोधू नये.

जिल्ह्यात परतल्यावर त्याच्यासमोर वीस लाखांच्या आसपास मतदार असतात. पंढरपूर-मंगळवेढ्यापासून अक्कलकोटच्या कर्नाटक सीमेपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ सोलापूर लोकसभा मतदारसंघात येतात: मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पंढरपूर. इथे आणखी एक घोटाळा होतो. सोलापूर जिल्ह्याचा खासदार एक नाही. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढा लोकसभा मतदारसंघात आहेत, आणि त्यांच्या जोडीला साताऱ्यातील फलटण व माण आहेत. बार्शी तर धाराशिवच्या खासदाराला मत देते. त्यामुळे बार्शीच्या शेतकऱ्याने रेल्वेविषयीचे निवेदन ‘सोलापूरच्या खासदारांना’ दिले, तर ते स्वीकारले जाईल, चहाही मिळेल, पण तो शेतकरी त्या खासदाराचा मतदार नाही.

पैशाच्या बाबतीतही दोघांची गल्लत होते. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना १९९३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून तिची रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यात १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात. राज्यातील आमदारांचा निधीही २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. खासदाराची रक्कम सहा विधानसभा मतदारसंघांत वाटली जाते, आमदाराची एकाच मतदारसंघात. दोघांनाही हे पैसे हातात मिळत नाहीत. ते काम सुचवतात. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो.

दोघे एकाच टेबलाशी बसतात ते प्रामुख्याने दोन बैठकांत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्री अध्यक्ष असतो. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या ‘दिशा’ समितीत मात्र खासदार अध्यक्षस्थानी असतो आणि आमदार सदस्य असतात. एकाहून अधिक खासदार असलेल्या जिल्ह्यात लोकसभेतील ज्येष्ठ खासदाराकडे ते स्थान जाते. ‘खासदार वर, आमदार खाली’ हे चित्र कुठे दिसत असेल तर ते या एका बैठकीच्या सभागृहात.

काही कामे दोघांशिवाय पुरी होत नाहीत. कुंभारीच्या रे नगरात विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहतीत प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे प्रत्येक घरामागे अनुदान होते. १५ हजार घरे २०२४ च्या जानेवारीत लोकांना मिळाली. पंढरीची वाट हेही असेच उदाहरण आहे. पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग असल्याने तिथल्या खड्ड्याची तक्रार दिल्लीकडे जाते, पण त्याच वाटेवरच्या वारकऱ्यांचे पिण्याचे पाणी, आरोग्य पथके आणि पोलीस बंदोबस्त राज्याचे. आषाढी अनेकदा पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर किंवा मध्येच येते, आणि तेव्हा पंढरपूरच्या आमदाराला मुंबई आणि चंद्रभागेचा काठ यांत अक्षरशः धावावे लागते.

मला निवेदन लिहायला सांगणाऱ्याला मी आता आधी दोन गोष्टी विचारतो: काम कुणाच्या सूचीतले, आणि तुमचा मतदारसंघ कोणता. उजनी धरणातून कालव्याला पाणी सोडण्याच्या आवर्तनाचे, सातबाराचे, पोलीस ठाण्याचे किंवा ग्रामीण रुग्णालयाचे काम असेल तर पत्र आमदाराला, आणि ते शक्यतो शनिवारी-रविवारी द्यावे, म्हणजे सोमवारी त्याच्यासोबत मुंबईला जाते. रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्गावरचा भुयारी मार्ग किंवा विमानसेवा असेल तर खासदाराला. त्याचा प्रश्न सभागृहात यायचा तर लोकसभेच्या नियमानुसार किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून हे पत्र अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी पोचवावे. पावसाळी अधिवेशनासाठी जूनमध्ये, हिवाळीसाठी ऑक्टोबरमध्ये, आणि अर्थसंकल्पीसाठी डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू होण्यापूर्वी.