फिरंगी, वलंदेज, डिंगमार : टोपीकरांच्या मराठी नावांची पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात सावकारांविषयी एक प्रकरण आहे. राज्याला सावकार हवेत, असे सांगता सांगता अमात्य एका वेगळ्या जातीच्या सावकारांकडे वळतात आणि फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे घेऊन त्या सर्वांना मिळून ‘टोपीकर’ म्हणतात. हे लोक व्यापार करीत असले तरी त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, तेव्हा त्यांना वखारीसाठी समुद्रकाठी जागा देऊ नये, असा त्यांचा इशारा आहे. राजनीतीच्या अभ्यासकांनी या उताऱ्याची चर्चा पुष्कळ केली. येथे मात्र विचार करायचा आहे तो त्यातल्या नावांचा, कारण ती पाचही नावे त्या काळी रूढ असूनही आज त्यांतले एकच आपल्या रोजच्या बोलण्यात उरले आहे.

‘टोपीकर’ हे नाव उघडच पेहरावावरून पडले. ज्या मुलखात माणसाची जात, हुद्दा आणि गाव पागोट्याच्या बांधणीवरून ओळखू येई, तेथे डोक्याला काठाची टोपी घालणारा परका आधी टोपीमुळेच डोळ्यांत भरणार. तो कोणत्या देशाचा, हा प्रश्न नंतरचा.

‘फिरंगी’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. मुळात तो फ्रँक लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात राज्य करणाऱ्या जमातीचा वाचक. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मयुद्धे सुरू झाली, तेव्हा पश्चिमेकडून आलेल्या सर्वच ख्रिस्ती लढवय्यांना अरब त्या एका नावाने ओळखू लागले, आणि फारसीतून ‘फरंग’ होऊन तो शब्द हिंदुस्थानात आला. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले व 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. इतर युरोपीय त्यानंतर शंभर वर्षांनी आले. साहजिकच हे सामान्य नाव मराठीत पहिल्या आलेल्यांना चिकटले. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली ती फिरंग्यांकडून, आणि त्यांचा मुलूख तो फिरंगाण. गंमत अशी, की ज्यांच्या पूर्वजांवरून हा शब्द निघाला ते फ्रेंच आपल्याकडे आले, तेव्हा नाव आधीच दुसऱ्याला देऊन झाले होते. त्यांना ‘फरासीस’ व्हावे लागले. माणसांबरोबर वस्तूही त्या नावाखाली आल्या. सरळ, लांब युरोपीय पात्याची तलवार ‘फिरंग’ झाली, आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने उपदंशाची नोंद ‘फिरंगरोग’ म्हणून केली.

‘वलंदेज’ मात्र कोणी शिकवला हे त्याच्या उच्चारावरूनच कळते. हॉलंडच्या माणसाला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे त्यातला आरंभीचा ‘ह’ लिहितात पण उच्चारीत नाहीत. त्यामुळे कानावर पडते ते ‘ओलांदेश’. मराठी तोंडात त्या ‘ओ’चा ‘व’ झाला आणि शेवटच्या ‘श’चा ‘ज’. ‘इंग्रज’ हे रूपही त्याच वाटेने आले आहे. इंग्रज स्वतःला तसे कधीच म्हणत नव्हता, पोर्तुगीज त्याला ‘इंग्लेश’ म्हणत. एका टोपीकराची ओळख दुसऱ्या टोपीकराने करून द्यावी आणि आपण ती तशीच वहीत उतरून घ्यावी, असा हा प्रकार. पाव, चावी, पगार हे शब्द ज्या भाषेतून आले, तिच्यातूनच तिच्या प्रतिस्पर्ध्यांची नावेही आली. ‘डिंगमार’ म्हणजे डेन्मार्कचे लोक. त्यांचे ठाणे दूर तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला होते, त्यामुळे मराठी मुलखाशी त्यांचा संबंध बेताचाच राहिला.

एकोणिसाव्या शतकात शाळा आणि क्रमिक पुस्तके इंग्रजी अमलाखाली आली, तशी ही नावे मागे पडली. फिरंग्यांचे पोर्तुगीज झाले, फरासिसांचे फ्रेंच आणि वलंदेजांचे डच. वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीचे अवशेष आहेत, त्यांनाही आता ‘डच वखार’च म्हणतात. या बदलाने नेमकेपणा वाढला असे मला वाटत नाही. ‘डच’ हा शब्द मुळात जर्मनांचाच. इंग्रजांनी तो शेजाऱ्यांवर लादला आणि आपण तो इंग्रजांकडून घेतला. ‘हॉलंड’ हे नाव तरी त्या देशाच्या एका भागाचे आहे, जरी 2020 पासून तेथील सरकारने स्वतःच्या प्रचारात तेही सोडून ‘नेदरलँड्स’च धरले आहे.

टिकले ते फक्त ‘इंग्रज’. ते आपण सैलपणे वापरतो. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ हे दोघे स्कॉटलंडचे, पण पुण्या-साताऱ्याच्या लेखी ते इंग्रजच, आणि त्यांचा देश ती ‘विलायत’. हा अरबी-फारसी शब्द मुळात प्रांत किंवा राज्य या अर्थाचा. पुढे परका मुलूख आणि अखेर इंग्लंड, असा त्याचा अर्थ सरकत गेला. मध्य अमेरिकेकडून आलेल्या, गुलाबी-पांढऱ्या गराच्या वेटोळ्या शेंगेला आपण विलायती चिंच म्हणतो, त्यात पूर्वीचा सैल अर्थ अजून शिल्लक आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी ‘बिलायती’ हा शब्द ऐकून आपल्या देशाचे लाडके नाव ‘ब्लायटी’ असे करून घेतले, आणि पहिल्या महायुद्धात खंदकातून घरी परत पाठवले जाईल इतपत जखम झाली, की तिलाच ते ‘ब्लायटी’ म्हणू लागले.